पाच देशांची कॉफी

"पाचही कप एकाच पातेल्यातून भरायचे," भाऊ म्हणाले. "आपल्याच कॉफीचे."

भाऊ म्हणजे माझे वडील. ते स्वयंपाकघरात क्वचित यायचे. त्या रविवारी सकाळी ते दारातच उभे होते, अंगावर लोकरी कोट, हातात वर्तमानपत्राची घडी. मथूआत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, चुलीपुढे बसून पुरणाची डाळ पाहत होती. मी पाटावर नारळ खवत होते. तापातून उठल्यामुळे नाताळच्या सुट्टीच्या महिनाभर आधीच मी अमरावतीच्या वसतिगृहातून चिखलदऱ्याला आले होते, ते बासष्ट साल होतं.

"आणि त्यांना काय सांगणार?" आत्याने मान वर न करता विचारलं.

"सांगणार की चार कप परदेशचे आहेत, पाचवा आपला. एडनपासून जावापर्यंत सगळं प्यायलेला माणूस आहे ना तो? महिनाभर ऐकतोय आपण. जीभ खरी असेल तर दुसऱ्या घोटाला म्हणेल, दिघेसाहेब, ही तर एकच कॉफी आहे. तसं म्हणाला की तिथल्या तिथे मी साखरपुड्याचा नारळ त्याच्या हातात देतो. माघात लग्न."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर तो नुसता बोलघेवडा आहे. बोलघेवड्याला बहीण द्यायची का, ते तूच सांग मला."

आत्याने डाळीतला डाव बाहेर काढला, पातेल्याच्या काठावर ठोकला. तिचं वय तेव्हा चौतीस होतं. यापूर्वी आलेली स्थळं भाऊंनी एकेक करून परतवली होती. एकाचं घराणं हलकं, एकाचा दमा, एक नुसताच मठ्ठ. या वेळी त्यांना उघड नाही म्हणता येत नव्हतं, कारण या वेळी आत्याला स्वतःला ते स्थळ हवं होतं आणि तिने तसं बोलूनही दाखवलं होतं.

"मान्य," ती म्हणाली. "त्यांना कळेलच."

"कळलं तर सोन्याहून पिवळं. फक्त तू त्याला काही सांगायचं नाहीस. शरयू, तूही नाही."

"मी तोंडाने एक शब्द काढणार नाही, दादा."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

भाऊ खूश होऊन निघून गेले. जाताना वाटीतलं चिमूटभर खोबरं तोंडात टाकायला विसरले नाहीत.

चिखलदऱ्याला कॉफी पिकते हे आजही पुष्कळांना ठाऊक नसतं. माझ्या आजोबांनी एका निघून जाणाऱ्या साहेबाकडून तो मळा घेतला होता. उतारावर सिल्व्हर ओकच्या सावलीत झुडपं, डिसेंबरात त्यांच्यावर लालभडक फळं, ती तोडायला आसपासच्या पाड्यांवरच्या कोरकू आदिवासी बाया, आणि अंगणाएवढ्या खळ्यावर वाळत घातलेल्या बिया. भाजण्याचं काम मात्र आत्याचं. कोळशांवर हाताने फिरवायचं लोखंडी पिंप होतं. ते फिरवता फिरवता ती बियांचा आवाज ऐकायची आणि एका क्षणी झटकन पिंप ओढून घ्यायची. परतवाड्याचा आणि अमरावतीचा व्यापारी पोत्यावर नाव बघून माल घ्यायचा. नाव दिघ्यांचं होतं, हात आत्याचा.

भाऊंकडे कॉफीचं ज्ञान होतं. बैठकीच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता आणि जिथे जिथे उत्तम कॉफी पिकते तिथे तिथे त्यांनी लाल टाचण्या टोचल्या होत्या. येमेन, इथिओपियातलं हरार, केनियाचे डोंगर, जमैकाचा निळा पर्वत, जावा. पाहुणे आले की ते छडी घेऊन नकाशासमोर उभे राहायचे. स्वतः मात्र ते मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

नरहर ताम्हणे या नकाशात आले ते आमच्या वनखात्याच्या रेंजरसाहेबांमुळे. कर्णिक रेंजर आणि ताम्हणे अलिबागला एका शाळेत होते. ताम्हण्यांनी वीस वर्षं प्रवासी जहाजांवर काढली होती, शेवटी शेवटी चीफ स्टुअर्ड म्हणून. जेवणाचं सगळं दालन त्यांच्या हाताखाली असायचं. छातीच्या दुखण्याने ते जहाज सोडून आले होते आणि डॉक्टरांनी थंड हवा सांगितली म्हणून कर्णिकांच्या बंगल्यावर राहत होते. उंच, किंचित वाकलेला माणूस. कपबशी हातात घेतली तर तिचा आवाज व्हायचा नाही.

पहिल्याच भेटीत भाऊंनी छडी उचलली. "हे मोखा बंदर. जगातली सर्वांत जुनी कॉफी इथून निघते."

"निघायची," ताम्हणे अगदी हळू म्हणाले. "आता तिथे वाळू आहे, साहेब, आणि पडकी घरं. कॉफी हल्ली एडनहून चढते, नाहीतर होडेडाहून. मी उतरून पाहिलं होतं. एक म्हातारा भेटला, त्याने मला चहा पाजला."

कर्णिक हसले. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईही हसल्या. भाऊही हसले. पण त्यानंतर ते नकाशाकडे पाठ करून बसू लागले, हे माझ्या लक्षात आलं होतं.

ताम्हणे रोज संध्याकाळी यायचे ते मात्र मागच्या पडवीत, आत्याच्या भट्टीपाशी. मोडक्या स्टुलावर बसायचे आणि ती पिंप फिरवत असताना बोलायचे.

"येमेनची कशी असते?" आत्या विचारायची.

"मनुका रात्रभर भिजत घातल्या तर सकाळी ते पाणी कसं लागेल, तशी. मागून जरा कडवट कोको."

"आणि ती हरारची?"

"जांभूळ. जास्त पिकून खाली पडलेलं. जरा आंबलेलं सुद्धा."

"शी! आणि ती महाग विकतात?"

"फार महाग. केनियाची करवंदासारखी, जिभेच्या कडेला चिमटा काढते. जमैकाची अगदी साधी. कुठे म्हणजे कुठे खुपत नाही. लोक पैसे मोजतात ते त्या न खुपण्याचे. जावाची जाड. पावसात भिजलेल्या लाकडांचा वास येतो ना, तो पितोय असं वाटतं."

"बंदरागणिक एक कॉफी! म्हणजे बंदरागणिक एक बायकोही असेल."

"कॉफीच पुरवून पुरवून प्यायचो, मथुराबाई. पगार कुठे तेवढा."

आत्या खळखळून हसायची. तिला तशी हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं होतं, पण ते हसू माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

एकदा तिने विचारलं, "आणि आमची? आमची कशी आहे?"

ताम्हण्यांनी घोट घेतला आणि बराच वेळ तो तोंडात ठेवला. "हिला घाई नाही," ते म्हणाले. "बाकीच्या आल्या आल्या आपलं नाव सांगतात. ही आधी बसते, मग बोलते."

त्याच आठवड्यात कर्णिकांनी भाऊंपुढे शब्द टाकला. भाऊ म्हणाले, "मी आधुनिक माणूस आहे. बहिणीच्या मनाविरुद्ध काही करणार नाही. रविवारी सगळे जेवायला या, तेव्हा बोलू."

जेवणं छान झाली. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवड्या. प्रमिलाबाई दोनदा म्हणाल्या, "मथूताई, तुम्ही गेलात की या घरात मी पाय ठेवणार नाही हं. भाऊसाहेबांच्या हातचं कोण खाणार?" भाऊ त्यावरही हसले.

मग सगळे पुढच्या व्हरांड्यात बसले. समोर दरीत ऊन होतं, पण हवेत गारठा इतका की शालीबाहेर हात काढवत नव्हते. मी तबक घेऊन आले. पाच पांढरे कप, एकसारखे. मागोमाग आत्या आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिने मोरपंखी लुगडं नेसलं होतं आणि हात राखेने घासघासून लाल केले होते, तरी नखांच्या कडा काळ्याच होत्या.

"ताम्हणे," भाऊंनी सुरुवात केली, "आज तुमच्यासाठी एक गंमत आहे. महिनाभर तुम्ही आम्हाला जगाची कॉफी ऐकवलीत. आज आम्ही तुम्हाला पाजतो. हा पहिला कप येमेनचा. हा हरार. हा जमैका. हा जावा. आणि हा शेवटचा आपला, चिखलदऱ्याचा."

"अरे वा!" कर्णिक म्हणाले. "कुठून पैदा केलंत हे?"

"मी कुठला करतोय. मथूने केलं सगळं." भाऊंनी आत्याकडे हात केला. "मुंबईच्या व्यापाऱ्याच्या मागे लागून लागून चार देशांच्या बिया मागवल्या, स्वतः वेगवेगळ्या भाजल्या. कुणासाठी, ते मी सांगायला नको. काय वहिनी?"

प्रमिलाबाईंनी कौतुकाने आत्याकडे पाहिलं. "कमाल आहे बाई तुमची! इतकं कुणी नवऱ्यासाठीसुद्धा करत नाही."

आत्या चौकटीपासून एकदम सरळ झाली. हे तिला ठाऊक नव्हतं. सकाळी स्वयंपाकघरात असं काही ठरलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, भाऊंकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं.

ताम्हण्यांनी पहिला कप उचलला. वास घेतला, घोट घेतला, कप खाली ठेवला. आवाज झाला नाही. दुसरा उचलला. घोट घेतला आणि कप तसाच हातात राहिला.

मला अजूनही तो क्षण समोर दिसतो. त्यांनी मान वर करून थेट आत्याकडे पाहिलं. आत्याही त्यांच्याकडेच बघत होती. मग तिने खाली पाहिलं.

"येमेन म्हणजे येमेन," ताम्हणे म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. "पहिल्या घोटालाच एडन बंदराचा धक्का आठवला. मनुकांचं पाणी. आणि हा हरार... इतका चांगला हरार मी जिबूतीच्या बंदरातसुद्धा प्यायलो नव्हतो."

मी आत्याकडे पाहायचं टाळलं.

"जांभळाची चव येतेय का?" भाऊंनी विचारलं. त्यांनी पायावर पाय टाकला होता.

"येतेय. मागून येतेय."

"आणि जमैका?"

त्यांनी जमैका प्यायला. कुठे खुपत नाही म्हणाले. जावाचा घोट घेऊन डोळे मिटले आणि भिजलेल्या लाकडांबद्दल बोलले. ते इतकं सुंदर बोलत होते की कर्णिक पुढे सरकून बसले. प्रमिलाबाई म्हणाल्या, "मला बाई सगळीकडे जायफळच हवं. पण नरहरभाऊजींचं ऐकत राहावंसं वाटतं."

शेवटचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला. "ही सर्वांत चांगली," ते आत्याकडे बघत म्हणाले. "त्या चार कुठल्याही बंदरावर मिळतील. ही इथेच मिळते. बाकीचं आयुष्य हीच प्यायला मिळाली तर मी दुसरं काही मागणार नाही."

भाऊ हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्याने, मांडीवर थाप मारून.

"ताम्हणे! अहो ताम्हणे! पाचही कप एकाच पातेल्यातले आहेत. ते सगळं आमचंच पाणी आहे. येमेन नाही, जावा नाही, काही नाही!"

कर्णिकांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनीही हसून घेतलं, मित्र असूनही. "नरहर, तुझी जांभळं कुठल्या झाडाची रे?" प्रमिलाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

ताम्हणे हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त आत्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मीच गाळली," आत्या म्हणाली.

"असं." ते उठले. कप त्यांनी तबकात, बाकीच्या चारांच्या ओळीत नीट ठेवला. "जेवण फार चांगलं झालं, मथुराबाई. दिघेसाहेब, नमस्कार. कर्णिक, मी पुढे होतो."

फाटकापर्यंत ते सावकाश चालत गेले, खोकत. भाऊ मागून ओरडले, "अहो, गंमत होती! मनाला लावून घेऊ नका!"

त्या दिवशी आत्या फक्त एवढंच म्हणाली, "त्यांना कळलं नाही." ते तिने भांडी विसळताना म्हटलं, आणि दुसऱ्यांदा दिवे लावताना. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा हिशेब चुकलेल्या माणसासारखा झाला होता.

सकाळी न्याहारीच्या वेळी घाटाच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. भाऊंनी कान देऊन ऐकला. मग ब्रेडला लोणी लावत म्हणाले, "गेली. ताम्हणे होता तीत. रेंजरचा शिपाई पहाटे सांगून गेला."

आत्या ताटलीत पोहे वाढत होती.

"एक सांगू का मथू? आता सांगायला हरकत नाही." त्यांचे डोळे चमकत होते. इतकी चांगली चाल खेळून ती कुणाला सांगायची नाही, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. "त्याला कळलं होतं."

डाव ताटलीवर थांबला.

"दुसऱ्या कपाला कळलं. मी बघत होतो ना. थबकला, तुझ्याकडे पाहिलं. पण बोलणार कसा? मी आधीच सांगून ठेवलं होतं की तू बिया मागवल्यास, तू भाजल्यास. सगळी एकच आहे म्हटलं की चारचौघांत तू खोटारडी ठरणार. वीस वर्षं वाढप्याचं काम केलेला माणूस. गोरे साहेब काहीही बरळले तरी 'येस सर' म्हणणारा. तो टेबलावर कुणाला खोटं पाडेल?" त्यांनी ब्रेडचा तुकडा मोडला. "खरं बोलला असता तर मी म्हणालो असतो, माझ्या बहिणीचा अपमान केलास, चालता हो. तसंही माझंच होतं, असंही माझंच."

मी आत्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा उजळला होता. खरोखर उजळला होता.

"त्यांना कळलं होतं?" ती म्हणाली. "दादा, नक्की?"

"नक्की म्हणजे काय, मी..."

ती डाव टाकून आत गेली. परत आली तेव्हा अंगावर शाल होती आणि पायात चपला. बाहेर चाँदभाई ड्रायव्हर परतवाड्याला न्यायची कॉफीची पोती लॉरीत चढवून दोर आवळत होता. एसटी परतवाड्याला बराच वेळ थांबते आणि मग अमरावतीला जाते, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"शरयू, चल," आत्या म्हणाली.

"जा की," भाऊ टेबलावरून म्हणाले. "मी कुठे बांधून ठेवलंय कुणाला?"

घाट उतरताना लॉरी नुसती थडथडत होती. चाँदभाई म्हणाला, "काहून एवढी घाई बाई? पोते सरकून राहिले मागं."

"सरकू दे. तू चालव."

ती मधूनच माझा हात दाबायची. "त्यांना कळलं, शरू. बघ, कळलंच." खिडकीतून धूळ येत होती आणि ती धुळीतही हसत होती. मला वाटलं, ती ताम्हण्यांची माफी मागायला निघाली आहे, आणि ती मागितली की सगळं ठीक होईल.

परतवाड्याच्या स्टँडवर एसटी उभी होती. ताम्हणे बाजूच्या टपरीच्या बाकावर बसले होते, पायाशी कातडी बॅग, हातात चहाचा ग्लास. आम्हाला पाहून ते उठून उभे राहिले. सवयच तशी होती.

"तुम्हाला कळलं होतं ना?" आत्याने धापा टाकत विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"हो."

"कधी?"

"दुसऱ्या घोटाला."

"कशावरून?" ती एक पाऊल पुढे गेली. "कशावरून कळलं, सांगा ना."

ताम्हण्यांनी ग्लास बाकावर ठेवला. "करपली होती, मथुराबाई. भाजताना हात चुकला होता तुमचा. फार नाही, जराशी. पण पाचही कपांत तीच करपट चव. पाच देशांच्या बिया वेगवेगळ्या भाजल्या तर त्या एकसारख्या करपत नाहीत."

मी चकित झाले. आत्याची कॉफी करपली? माझ्या जन्मात मी ते ऐकलं नव्हतं.

"आणि म्हणून तुम्ही गप्प बसलात," आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"काय करणार? माझ्यासाठी म्हणून केलेली, भाजताना चुकलेली, वर भावाने सांगितलेलं सगळं खोटं. पाहुणे बसलेले. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. वाढणाऱ्याची चूक टेबलावर दाखवायची नाही. झाकायची. मी झाकली." ते खोकले, रुमाल तोंडाला लावला. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पण तुम्ही दारात उभं राहून बघत होतात. मी एकेक घोट घेऊन खोटं बोलत होतो आणि तुम्ही बघत होतात. तुमच्या भावाचं मला काही नाही. पण तुम्ही एक खूण करायची होती, मथुराबाई. एक. मी ओळखली असती."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती बोलेल. बोल ना, मी मनात म्हणत होते. शपथ घातली होती म्हणून सांग. दादाने फसवलं म्हणून सांग.

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली.

कंडक्टरने घंटी मारली. ताम्हणे बॅग उचलून थोडा वेळ तसेच उभे राहिले. माणूस वाट पाहतो तेव्हा कसा उभा राहतो, ते मला त्या वयातही कळत होतं. ते जागेवरून हलत नव्हते. कंडक्टरने पुन्हा घंटी मारली.

"बस निघाली तुमची," आत्या म्हणाली.

ते चढले. खिडकीपाशी बसले. एसटी वळून सडकेला लागेपर्यंत आत्या तिथेच होती, पण तिने हात केला नाही.

पोती उतरवून आम्ही परत निघालो तेव्हा दुपार झाली होती. रिकामी लॉरी चढावर जास्तच उडत होती. घाट लागला आणि मला राहवेना.

"तू का नाही बोललीस? तुला शपथ होती, ते तरी सांगायचंस. एक खूण करायची होती म्हणाले, तर..."

"केली होती."

"काय?"

"खूण." ती समोरच्या काचेतून बघत होती. "मी तोंडाने बोलणार नाही म्हणाले होते. हाताने नाही म्हणाले नव्हते. काल तू खाली कढीपत्ता आणायला गेलीस, तेव्हा मी एक घाणा वेगळा भाजला आणि पिंप ओढायला मुद्दाम उशीर केला. त्याला पहिल्या घोटाला कळावं म्हणून."

मला ते समजायला दोन वळणं गेली. मग मी जवळजवळ ओरडलेच. "मग सांगितलं का नाहीस? बस उभी होती! ते वाट बघत होते, आत्या! तू सांगितलं असतंस तर ते उतरले असते!"

"उतरले असते."

"मग?"

"महिनाभर तो रोज माझ्या हातची प्यायला," आत्या म्हणाली. "कुठल्या डोंगराची, कुठल्या बंदराची, सगळं ओळखतो तो. आणि माझा हात चुकत नाही, एवढं त्याला कळू नये? कॉफी करपट लागली तर त्याच्या मनात पहिलं हे यायला हवं होतं की मथू असं करत नाही. मग हे का केलं असेल? त्याला वाटलं, चुकली बिचारी."

"पण तुला वाचवायलाच तर त्यांनी..."

"मला? हात चुकलेल्या कुठल्यातरी बाईला वाचवलं त्याने. ती मी नव्हे."

"एवढ्यासाठी, आत्या?"

"एवढ्यासाठीच."

चाँदभाईने गिअर बदलला. तो सगळं ऐकत होता, पण त्याने मान वळवली नाही. चढावर उन्हात कॉफीची झुडपं दिसायला लागली. कोरकू बाया टोपल्या घेऊन रांगेने वर चालल्या होत्या. त्यांतली एक आत्याला पाहून काहीतरी ओरडली, आत्याने हात हलवला.

भाऊ व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. आम्ही पायऱ्या चढेपर्यंत त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं नाही.

"भेटला?"

"भेटले," आत्या म्हणाली.

"मग? येतोय परत?"

"नाही."

"त्याने नाही म्हटलं?"

"मी."

भाऊंनी वर्तमानपत्र खाली घेतलं. त्यांना करपलेल्या घाण्याबद्दल काही ठाऊक नव्हतं आणि पुढे कधी कळलंही नाही. त्यांनी आत्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग असं काही समाधान, की मी परीक्षेत पहिली आले तेव्हाही तसं कधी पाहिलं नव्हतं.

"शेवटी माझीच बहीण," ते म्हणाले.

आत्याने चपला काढून भिंतीशी ठेवल्या आणि ओठ घट्ट मिटून ती आत गेली. भाऊंचे ओठही तसेच मिटलेले होते, फक्त ते हसत होते.

त्यानंतर तिला मागणी घालायला कुणी आलं नाही. भाऊंना पुन्हा काही करावं लागलं नाही.